अस्तरमावशीचा चौदावा तुकडा

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा लाकडी जिना चढून पहिल्यांदा वर आलेला माणूस दारातच थबकतो. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, आणि दोरीला चिमट्यांनी लटकावलेल्या आठ-दहा पिशव्या. पिशव्या म्हणजे बायकांच्या पोटातल्या. गुलाबी फ्लॅनेलच्या, दोन्ही अंगांना नळ्या लोंबणाऱ्या. खाली टोपलीत नाळेसकट कापडी बाळं, एकावर एक. एकदा एका कुरिअरवाल्यानं सही घेता घेता विचारलं, "हे हत्तीचं तोंड का हो?"

अस्तरमावशीनं चष्म्यावरून बघितलं. "तू यातूनच आलास रे बाबा. नमस्कार कर आणि पार्सल ठेव."

त्यानं खरोखरच नमस्कार केला.

नर्सिंगच्या शाळांमध्ये बाळंतपण शिकवायला कापडाची शरीरं लागतात, ती शिवणं हा मावशीचा धंदा. ओटीपोट, पिशवी, लघवीची थैली, बाळाची वाट, सगळं खऱ्या मापाचं, उघडून दाखवता येणारं. फरमे तिचे स्वतःचे, जाड तपकिरी कागदाचे, खिळ्याला टांगलेले. आणि तिला अस्तरमावशी म्हणायचं कारण असं, की समोरच्याच्या अंगावर नवा कपडा दिसला की ती पहिल्यांदा त्याची कड उलटवून आतली शिलाई बघते. बँकेत साहेबाच्या कोटाची कड तिनं अशीच उलटवली होती. "बाहेरून सगळेच देखणे असतात," ती म्हणायची. "आत दोरे कसे कापलेत ते बघावं. माणूस तिथं कळतो."

तिच्या हाताखाली तिची सख्खी भाची कामाला होती. वय एकोणतीस, लग्नाला चार वर्षं झालेली. हात चपळ, टीप सरळ. त्या बुधवारी मात्र तिची टीप भलतीकडेच चालली होती. बाळाच्या टाळूवर तिनं तीनदा शिवलं आणि तीनदा उसवलं.

कारण शुक्रवारी सकाळी साडेदहाची डॉक्टरांची वेळ घेतलेली होती, आणि भाचीची खात्री झाली होती की आपल्या अंगात काहीतरी कमी आहे. देवानं घाईघाईत एखादा तुकडा लावायचाच राहिला आहे.

तिचा नवरा चष्मेवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान. ती पहिल्यांदा तिथं गेली ती डोकं दुखतं म्हणून. त्यानं खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढवली आणि एकेक भिंग सरकवत विचारत राहिला, "आता बरं दिसतं, की आधी बरं दिसत होतं? घाई नको. परत दाखवतो. आता? की आधी?" तीस वेळा तरी विचारलं असेल. तुला कुठलं बरं वाटतं असं तिला आयुष्यात एवढ्या वेळा कुणी विचारलं नव्हतं. चष्मा घ्यायला दुसऱ्यांदा गेली, दांडी सैल झाली म्हणून तिसऱ्यांदा गेली, आणि चौथ्यांदा गेली तेव्हा दांडी बिलकूल सैल नव्हती. लग्न झालं. चारचौघांत अहो, दार लागलं की अरे.

सगळं छान होतं. फक्त अंथरुणात तो काही विचारत नसे. पुरुषाला हे आपोआप ठाऊक असतं अशी त्याची समजूत होती. आणि तिला काही होत नसे. जवळ घेतलेलं आवडायचं, त्याच्या मानेचा वास आवडायचा, पण पुढं जे काय व्हायचं म्हणतात ते कधी आलंच नाही. पहिल्याच महिन्यात त्याचा चेहरा उतरलेला दिसला तेव्हा तिनं तोंडानं दोन-चार आवाज काढले. तो इतका खूश झाला की मग ती सवयच पडली. चार वर्षं झाली, आवाज पाठ झाले.

आणि गेल्या सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, त्याच्या पोटरीत गोळा आला. तो बिचारा पाय धरून एका बाजूला झाला. ही डोळे मिटून होती. तिला कळलंच नाही. तिनं नेहमीच्या ठिकाणी नेहमीचे आवाज सुरू केले आणि शेवटपर्यंत नेऊन व्यवस्थित संपवले. डोळे उघडले तर नवरा हातभर लांब पोटरी चोळत बसलेला, आणि तिच्याकडे बघत होता.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

खोटं बोलायलाही काही उरलं नव्हतं. "पहिल्यापासून," ती म्हणाली.

तो ओरडला नाही, रागावलाही नाही. नुसता उठला. त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपू लागला. मंगळवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "माझ्यात दोष असेल तर सांग. तुझ्यात असेल तर डॉक्टरला दाखवू. पण हे नाटक घेऊन मला नाही राहता येणार." डॉक्टरांची वेळ भाचीनंच घेतली. दोष आपल्यातच आहे याबद्दल तिला शंका नव्हती.

तर असा तो बुधवार. दुपारी नर्सिंगच्या शाळेचा शिपाई जिना चढून आला आणि बारा ओटीपोटांचं गाठोडं धपकन खाली टाकून गेला. सगळी परत. वर चिठ्ठी: आतल्या बाजूस जोडलेला अनावश्यक भाग काढून द्यावा. शाळेत नव्या मुख्य बाई आल्या होत्या. सही त्यांचीच, रेघ मारल्यासारखी सरळ.

मावशी अंघोळीला गेली होती. भाचीनं विचार केला, सांगितलंय तर काढून टाकू. तिनं एक ओटीपोट उलटं केलं, ब्लेड घेतलं आणि अनावश्यक भाग शोधू लागली. फरम्याचे तेरा तुकडे तिच्या हाताखालून रोज जायचे. चौदावा मात्र मावशी स्वतः हातशिलाईनं बसवी. तो असतो एवढंच भाचीला माहीत होतं. सांध्याला आधार द्यायला घालत असेल, असं तिनं धरून ठेवलं होतं.

तिनं तो बोटांनी चाचपला. लाल साटनचा, आत मऊ कापूस. उलटा धरलेल्या चिमट्यासारखे दोन लांब पाय, मध्ये दोन लांबट वांग्यांसारखे फुगवटे, आणि वर वाकून बाहेर डोकावणारं वाटाण्याएवढं टोक. सगळं मिळून तिच्या अख्ख्या तळहाताएवढं.

"खबरदार!" मावशी डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभी. "ठेव ते ब्लेड."

"त्यांनीच लिहिलंय मावशी. अनावश्यक भाग."

मावशीनं चिठ्ठी वाचली. एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग टेबलावरचं कापड बाजूला सारून भाचीसमोर बसली. "हा कशाचा भाग आहे सांग बघू."

"आधाराचा."

मावशीच्या कपाळावर आठी पडली. "चार वर्षं झाली ना ग तुझ्या लग्नाला?"

एवढं म्हणायचा अवकाश, की भाचीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आणि मग दिवाण, पोटरीतला गोळा, शुक्रवारचे साडेदहा, सगळं एका दमात बाहेर पडलं. गोळ्याचा भाग ऐकताना मावशीनं टॉवेलाचं टोक तोंडात कोंबलं, पण हसू काही आवरेना.

"हसतेस काय? माझा संसार मोडायला आलाय."

"हसू नको तर काय करू? बाई, तू एकटीनंच गाडी स्टेशनात नेलीस की!" मग एकदम गंभीर होऊन तिनं विचारलं, "दुखतं का? आग होते? रक्त जातं? तसं असेल तर शुक्रवारची वाट बघू नको, चप्पल घाल, आत्ताच जाऊ. त्यात लाजायचं काही नाही."

"नाही ग. दुखत काहीच नाही. होतच काही नाही."

"मग आधी हे बघ." मावशीनं तिचं बोट धरून पुन्हा त्या लाल तुकड्यावर टेकवलं. "हे तुझ्याकडेही आहे. पुस्तकात याला शिश्निका म्हणतात, नर्सेस क्लिटोरिस म्हणतात. आपल्या आयांनी याला काही नावच ठेवलं नाही, म्हणून आपण हाक मारली नाही. बाईला सुख होतं ते याच्यामुळं. याचं दुसरं कामच नाही. लघवीचं नाही, बाळाचं नाही. सगळ्या अंगात हा एकच भाग असा, जो नुसता सुखासाठी आहे."

भाची त्या तुकड्याकडे बघत राहिली. "एवढं मोठं?"

"तिथंच तर मी चुकले ना पोरी!" मावशीनं मांडीवर थाप मारली. "मी, अस्तरमावशी म्हणवणारी! सुरुवातीला मी काय करत होते माहीत आहे? बाहेर एक मोती टाकायचे साटनचा, चित्रात दिसतो तसा. बटण लावलं आणि मोकळी झाले. एकदा शाळेत मॉडेल द्यायला गेले, तर एका मुलीनं बाईंना विचारलं, याचा उपयोग काय? बाई म्हणाल्या, ते परीक्षेला येत नाही. मला आपलं चुकचुकल्यासारखं झालं. कपड्यात बिनकामाचं बटण कुणी लावतं का? आणि बटणाच्या मागं काय आहे ते मी कसं नाही बघितलं? गेले तशीच मेडिकल कॉलेजात. तिथं शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, केस पांढरे, आवाज खणखणीत. म्हटलं, मला आतली बाजू दाखवा. त्या म्हणाल्या, तीस वर्षांत हे विचारायला आलेल्या तुम्ही पहिल्या. बरणीतलं दाखवलं. मी कागद लावून फरमा काढला. बाहेर दिसतं ते नुसतं टोक ग. बाकी सगळं आत, वाटेच्या दोन्ही बाजूंना मिठी मारून बसलेलं. आणि पुरुषाचं जे कापड तेच हेही. आईच्या पोटात आधी दोघांचं सारखंच असतं, एकाच ताग्यातलं. पुढं कटिंग बदलतं."

"मग मला का नाही काही होत?"

"कारण तुमच्या घरात बटण एकीकडे आणि काज दुसरीकडे. ज्याला सगळे मुख्य काम म्हणतात ना, नुसत्या त्यानं निम्म्याहून जास्त बायकांचं काहीच होत नाही. तुझ्यात काही कमी नाही. जिथं हात लावायचा तिथं कुणी लावलाच नाही. तू पण नाही."

भाचीचे कान तापले. खालच्या दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं, त्याचा फसफस आवाज वर येत होता.

"मावशी, तुला... म्हणजे तू..."

"मी अडतिशीत शिकले. दोन पोरं मोठी झाली होती. तोवर मी छताकडे बघून उद्याच्या कापडाचं कटिंग ठरवायचे. फरमा काढून आणला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दार लावून घेतलं. एकटीनं."

"मावशी!"

"मावशी काय मावशी! स्वतःचं माप स्वतःला ठाऊक नसेल तर दुसऱ्याला काय सांगशील? आठ-दहा दिवस गेले. मग एक दिवस झालं. काय झालं म्हणून विचारशील, तर मशीनच्या पायट्यावरून पाय काढला तरी चाक थोडं फिरत राहतं ना, तसं. आत आपोआप आवळतं, सुटतं, आवळतं, सुटतं. आपण काही करत नसतो. मग सगळं अंग टीप उसवल्यासारखं सैल. मी हसायलाच लागले. मग रडले. अडतीस वर्षं फुकट गेली म्हणून."

"सगळ्यांना असंच होतं?"

"दोघींच्या खांद्यांचं माप कधी सारखं आलंय? कुणाचं झुळकीसारखं, कुणाचं जिन्यावरून घरंगळल्यासारखं. एखाद्या दिवशी होत नाही. नाही तर नाही. तिथं काय परीक्षा द्यायची असते?"

"आणि काकांना सांगितलंस?"

मावशीनं खिडकीकडे बघितलं. काका छापखान्यात मशीनवर होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. "सांगितलं. म्हटलं, अहो, इकडे नाही, तिकडे. दोन दिवस फुगून बसले. म्हणाले, म्हणजे वीस वर्षं मी काय केलं? म्हटलं, ते तुमचंही करा, पण आधी माझं ऐका. ऐकलं बाई माणसानं. हाताला शाईचा वास, पण हात हलका. पुढची सगळी वर्षं आमची सोन्यासारखी गेली. म्हातारा शीळ घालत जिना चढायचा. सायकलवाला खालून विचारायचा, काका, आज काय विशेष? आणि हे आणखी जोरात शीळ घालायचे."

भाचीला काकांची ती शीळ आठवत होती. लहानपणी तिनं कितीदा तशी घालून बघितली, नुसती हवाच निघायची. शिळेच्या मागं एवढं काही असेल हे तिला आज कळत होतं.

मावशीनं टेबलावरचं ब्लेड उचलून डबीत टाकलं. "आता एक सांग. तुझा नवरा दिवसभर लोकांना काय विचारतो?"

"आता बरं की आधी."

"आणि समोरच्यानं अक्षरं दिसत नसताना पाठ म्हणून दाखवली तर?"

"तर नंबर चुकतो." भाची बोलली आणि बोलता बोलताच थांबली.

मावशी उठली. गाठोड्याला गाठ मारू लागली.

दुसऱ्या दिवशी दोघी शाळेत गेल्या. मुख्य बाई नाकासमोर बघणाऱ्या, टेबलावर पट्टी ठेवून बसलेल्या. वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. "मावशी, तुमचं काम सुरेख आहे. पण याला परीक्षेत एक मार्कसुद्धा नाही. मुली तिथंच अडकतात, खिदळतात. माझा तास वाया जातो."

"बाई, तुमच्या मुली बाळंतपणानंतर टाके घालायला मदत करणार ना?"

"हो."

"मी ब्लाउजची बाही सैल करतानासुद्धा आधी आत अस्तर कुठं आहे ते चाचपते. न बघता सुई घातली तर अस्तर धरलं जातं, मग बाईचा हात वर होत नाही. कपडा तरी टाकून देता येतो." मावशीनं ओटीपोट टेबलावर उलटं ठेवलं आणि लाल तुकड्यावर बोट टेकवलं. "इथं काय आहे हे ज्या मुलीला माहीत नाही, तिच्या हातात सुई कशी द्यायची? आणि उद्या एखादी बाई तिला विचारेल, सिस्टर, माझ्यात काही कमी आहे का हो? तिला काय सांगणार, परीक्षेला नव्हतं म्हणून?"

शेवटचं वाक्य बोलताना मावशीनं भाचीकडे पाहिलंसुद्धा नाही. पण भाचीला ते पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं.

मुख्य बाईंनी पट्टी उचलली, खाली ठेवली. मग तर्जनीनं तो तुकडा टोकापासून पायापर्यंत हळूच चाचपला. बराच वेळ. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ जराशी वाकली. "एवढं आत असतं?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. आता त्या मुख्य बाई वाटत नव्हत्या, कुणाच्या तरी ताई वाटत होत्या.

"असतं."

"बाराही ठेवून जा," मुख्य बाई म्हणाल्या. "खिदळल्या तर खिदळू देत. पाच मिनिटं देईन."

बाहेर पडल्यावर भाची दोन पावलं मागं रेंगाळत चालली. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "मावशी, एक सुटा तुकडा आहे का ग शिल्लक?" मावशीनं पर्समध्ये हात घातला. तुकडा जणू सकाळीच तिथं ठेवलेला होता.

शुक्रवारी सकाळी भाचीनं डॉक्टरांकडे फोन करून सांगितलं, लागलं तर पुन्हा वेळ घेईन. साडेदहाला ती चष्म्याच्या दुकानात जाऊन तपासणीच्या खुर्चीवर बसली. गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाला भिंगं पुसत होता. "अगं, डॉक्टर?"

"आधी तू बघ," ती म्हणाली. "मी चार वर्षं अक्षरं पाठ म्हणत होते रे. तुझा नंबर चुकला नाही. मी चुकीचं वाचून दाखवलं."

तो फडकं हातात धरून उभा राहिला. तिनं पर्समधून लाल साटनचा तुकडा काढला आणि भिंगांच्या ट्रेमध्ये ठेवला. सवयीनं त्यानं तो उचलून दिव्याखाली धरला, मोठं भिंग लावलं, उलटसुलट करून बघितला.

"हा कुठल्या फ्रेमचा भाग?"

"माझ्या."

तिनं त्याला सगळं सांगितलं, मावशीनं सांगितलं तसंच, अडखळत, मध्येच भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत. तो ऐकत होता. राग नव्हता चेहऱ्यावर. नवीन मशीन आल्यावर तिची माहितीपुस्तिका वाचताना असायचा तसा चेहरा होता त्याचा. शेवटी तो स्टूल ओढून तिच्यासमोर बसला.

"मी कधी विचारलंच नाही," तो म्हणाला. "अनोळखी माणसाला तीसदा विचारतो."

"मी पण खरं सांगितलं नसतं."

"आता सांगशील?"

"घाई केली नाहीस तर."

पुढच्या सोमवारी दुपारी पडदे ओढून त्यानं विचारलं, "आता बरं, की आधी बरं होतं?" आणि तिला इतकं हसू फुटलं की त्या दिवशी हसण्यापलीकडे काही झालंच नाही. दिवाणावरची गादी मात्र उचलली गेली. त्यानंतरच्या सोमवारी ती म्हणाली, "आधी." तो परत मागं गेला. "जरा वर. नाही, एवढा जोर नको." चार वर्षांत तिनं त्याला सांगितलेल्या या पहिल्या खऱ्या गोष्टी. चूक दाखवली तरी माणसाचा चेहरा उतरत नाही, उलट त्याचं लक्ष वाढतं, याचंच तिला नवल वाटलं. मधल्या दिवसांत तिनंही एकटीनं दार लावून घेतलं, स्वतःचं माप घेतलं. एका सोमवारी, केव्हा ते तिनं मोजलं नाही, तिनं पायट्यावरून पाय काढला आणि चाक फिरतच राहिलं. तोंडातून आवाज निघाला तो पाठ केलेल्यांपैकी नव्हता. लहान, खरखरीत, तिलाही अनोळखी.

मंगळवारी सकाळी ती कामाला आली. जिना अर्धा चढल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण ओठांचा चंबू केला आहे. शीळ बेसूर होती, निम्मी हवाच होती. पण होती. खालून सायकलवाल्यानं पाना थांबवून वर बघितलं.

वर खोलीत मशीनचा आवाज बंद झाला होता. भाची दारात आली तेव्हा अस्तरमावशी हातातला कपडा तसाच धरून दाराकडे बघत होती. डोळे भरलेले.

"जिना नीट चढावा माणसानं," एवढंच म्हणाली, आणि नाक पुसून लाल साटनचा तागा टेबलावरून भाचीकडे सरकवला. "बस. आजपासून चौदावा तुकडा तू शिवायचास."

भाचीनं सुईत दोरा ओवला. शिवून झाल्यावर मावशीनं तो तुकडा उलटा करून आतली बाजू खिडकीच्या उजेडात धरली आणि एकेक टाका बघत बसली.